हळदीची कड

१

गोरख मेल्याची बातमी आली तेव्हा राणी परसात उभी राहून सासूशी पपईवरून वाद घालत होती.

आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, सकाळी सकाळी झाडावरची हिरवीगार पपई उतरवली होती. देठातला पांढरा चीक त्यांच्या मनगटावरून ओघळत होता.

"कवळीच तोडली व्हय?" राणी म्हणाली. "चार दिस दम धरला असता तर पिकली असती."

"मला भाजी करायचीय. तू तुझी पाटीलकी बघ."

हा टोमणा रोजचाच होता. राणी मुळशी गावची पोलीस पाटील होती. गावात भांडण झालं, कुणी बुडालं, कुणी विष घेतलं, की पोलिसांच्या आधी तिला फोन यायचा. सून अशी गावभर फिरते म्हणून आत्याबाईंनी घरातलं एक काम तिच्याकडे कधी सोपवलंच नाही. आपल्या मुलाचे कपडे त्या स्वतः धुवायच्या. हनुमंत चाळिशीला आला, धरणाच्या पाण्याकाठी तंबू टाकून पुण्याच्या पाहुण्यांचा कॅम्प चालवायला लागला, तरी त्याने उभ्या जन्मात एक रुमाल धुतला असेल तर शपथ. सकाळच्या गारठ्यात तो नुसत्या टी-शर्टवर बंबापाशी शेकत बसला होता.

फोन जुनैदचा होता. पौडच्या बाजारात त्याचं मटणाचं दुकान, आणि शनिवार-रविवारी तो पाण्याकाठच्या बंगल्यांना मटण पोचवायचा.

"पाटीलबाई, लवकर या. कडंच्या बंगल्यावर. वॉचमन पडलाय. गोरख. सगळं रगत रगत हाय वं."

राणीने हनुमंताला सांगितलं. गोरख त्याचा लहानपणचा दोस्त, एकाच काठावर मासे धरत मोठे झालेले. हनुमंताच्या हातातलं लाकूड खाली पडलं. "गोरख?" एवढंच तो म्हणाला आणि विस्तवाकडे बघत राहिला. राणीला त्याची दया आली. ती एकटीच निघाली.

गोरख बंगल्याच्या मागच्या ओट्यावर पडला होता. मांडीवर कोयत्याचा एकच घाव, पण भलत्या जागी बसलेला. कोयता बंगल्यातलाच होता, नारळ फोडायचा. ओट्यावर रक्ताचा चिखल झाला होता आणि त्या चिखलाला कुठे कुठे पिवळट झाक होती. गोरखचे तळहात उघडे होते. रक्ताने माखलेले, बाकी काही नाही.

आत स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा उघडाच होता आणि हळदीची वाटी रिकामी पडली होती. न्हाणीघरात गीझरचा लाल दिवा जळत होता. बादलीत एक पांढरा टॉवेल भिजत पडला होता, त्यावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. राणीने बोट लावून पाहिलं. पाणी कोमट होतं.

दुपारी पोलिसांना कातकरवाडीत करवंदाच्या जाळीवर वाळत घातलेलं लुगडं सापडलं. बंगल्यावर भांडी घासणाऱ्या पारूचं. पदरावर हाताएवढा लाल डाग होता. मग काय विचारता! कातकरणीच्या पदरावर लाल डाग दिसला की सरकारचं डोकं विचार करायचं थांबतं. पारूला जीपमध्ये घातलं आणि तपास संपला.

२

घरी ताटात पिठलं-भात होता. राणीने दोन घास ढकलले आणि ती चौकीवर गेली.

चौकीबाहेर चिंचेखाली पारूचा नवरा मंगळ्या उकिडवा बसला होता. राणीला बघून तो उठला नाही, बोललाही नाही. त्याच्या आज्याला असंच नेलं होतं, तो परत आला नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगायचं. माणसाला आशा उरली की तो हात जोडतो. मंगळ्याचे हात गुडघ्यांवर तसेच होते.

आत फौजदार कौस्तुभ दीक्षित खुर्चीत होते. पुण्याचे, वयाने लहान, माणूस वाईट नव्हता. पण दिवसभर वरून फोन येत होते. बंगल्याच्या मालकाची ओळख दूरवर होती.

"विचारा तुम्हीच," ते म्हणाले. "बाईमाणूस बाईशी बोलेल. माझ्यासमोर तिने तोंड उघडलेलं नाही."

पारू भिंतीला टेकून बसली होती. अंगावर कुणाची तरी जुनी साडी.

"पारू, गोरखला कुणी मारलं?"

पारूने मान वर केली. तिची नजर राणीच्या चेहऱ्यावर थांबली नाही, गळ्याशी येऊन थांबली. तिथे मंगळसूत्र होतं, वाट्या नुकत्याच उजळून घेतलेल्या.

"तू सकाळी भांडी घासाया गेली व्हतीस ना? तवा तो जित्ता व्हता का?"

"पानी मागितलं त्यानं," पारू म्हणाली.

"मग? अजून कोन व्हतं तितं?"

पुन्हा गळ्याकडे नजर. मग पारूने खाली बघितलं आणि ओठ मिटले ते मिटलेच. राणीने किती परीनं विचारलं. शेवटी तिने पदर ओढून मंगळसूत्र झाकलं. माणूस मेलाय, स्वतःच्या गळ्याशी फास आलाय, आणि ही मेली सोन्याकडे बघतेय, असं तिच्या मनात आलं. ती चिडून उठली.

पण उठताना तिला पारूची नखं दिसली. पिवळी होती.

"साहेब, ते लुगडं बघू जरा."

फौजदारांनी पंचनाम्याच्या पिशवीतून लुगडं काढलं. राणीने ते खिडकीशी धरलं. डाग लालभडक होता, आणि नेमकं तेच तिला खटकलं. रक्त वाळलं, धुतलं, उन्हात पडलं की तपकिरी होतं. लाल राहत नाही. हे शिकायला कुणी शाळेत जात नाही, बायकांना ते दर महिन्याला दिसतं.

"घासलाय साबणानं," ती म्हणाली. "साहेब, लिंबू हाय का हितं?"

चहाच्या टपरीवरून अर्धं लिंबू आलं. फौजदारांची परवानगी घेऊन राणीने डागाच्या एका टोकाला रस पिळला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल रंग उतरला आणि जागा पिवळीधमक झाली.

"हळद हाय ही. साबण लागला की लाल व्हती, आंबट लागलं की परत पिवळी. हिच्या पदरावर रगत व्हतं, ते हिनं गार पान्यात कवाच काढलं. निघाली न्हाई ती हळद."

"मग?"

"जखमेत हळद भरली हिनं. ओट्यावर पिवळा चिखल व्हता, डब्यातली हळद संपलेली व्हती. गोरखच्या हाताला हळद नव्हती, म्हंजी त्यानं सोताहून लावली न्हाई. हिची नखं बघा. मारणारा मानूस हळद भरतो का, साहेब? ही त्याला वाचवत व्हती."

फौजदारांनी त्या पिवळ्या जागेवरून बोट फिरवलं. त्यांना पटलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"पाटीलबाई, पटतंय मला. पण वर काय सांगू? मारल्यावर घाबरली आणि हळद लावली असं कुणीही म्हणेल. उद्या तिला कोर्टात उभं करायचंय. हळद नको, मला माणूस द्या."

बाहेर आली तेव्हा मंगळ्या तसाच बसला होता. राणीला त्याला सांगावंसं वाटलं की तुझ्या बायकोने काही केलेलं नाही. पण त्याला ते आधीपासून माहीत होतं. त्याचा उपयोग काय, एवढंच त्याला कळत नव्हतं, आणि राणीलाही कळत नव्हतं.

३

आता राहिला तो टॉवेल.

राणी रस्त्याच्या कडेला थांबली. भाताची कापणी झालेली खाचरं रिकामी पडली होती, पलीकडे धरणाचं पाणी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आत्याबाईंनी पहिल्याच महिन्यात तिला परसात नेऊन सांगितलं होतं, रक्ताला ऊन पाणी दाखवायचं नाही. गार पाणी, मूठभर मीठ, थोडा धीर. ऊन पाणी घातलंस की रक्त शिजलं, आणि शिजलं की ते कापडाचं झालं. मुळशीतली कुठलीही बाई हे झोपेत सांगेल. आणि बंगल्यातला तो टॉवेल कुणीतरी गीझरच्या कढत पाण्यात बुडवला होता.

ती पारू नव्हे. पारूने आपला पदर ओढ्यात धुतला होता. मंगळ्याही नव्हे. ससा असो, घोरपड असो, शिकारीचं रक्त तो जन्मभर वाहत्या पाण्यात धूत आला, आणि गीझरचं बटण कुठे असतं हे त्याला कोण सांगणार? उरला जुनैद. प्रेताची खबर त्यानेच दिली होती, आणि गोरखशी त्याचं गेल्या आठवड्यात वाजलं होतं हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

जुनैद दुकान धूत होता. राणीला बघून त्याने नळ बंद केला.

"मला ठावं व्हतं तुमी येनार," तो म्हणाला. "भांडलो व्हतो, व्हय. पन मारामारीचं भांडान नव्हतं ते."

"मग कशाचं व्हतं?"

जुनैदने इकडेतिकडे पाहिलं. "मागच्या साली तुमच्या कॅम्पवर ते पुन्याचं पोरगं बुडालं न्हाई का? त्याचा बाप परत आलाय. रोज पान्याकाठी येऊन बसतो. गोरखला ते बघवंना. मला म्हनला, त्याला एक गोष्ट सांगून टाकतो. मी म्हनलं, मेलेलं पोर काय परत येनार हाय का, उगं कशाला उकरतोस. त्यावरनं वाजलं."

"कंची गोष्ट?"

"ते न्हाई बोलला. खुदा की कसम."

राणीला मागचं साल आठवलं. त्या पोराने रात्री चोरून होडी सोडली, असा जबाब झाला होता. तिनेच लिहून घेतला होता. सांगणारा हनुमंत होता.

तिने तो विचार झटकला आणि जुनैदच्या अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं. दिवसभर बोकडं कापणाऱ्या माणसाच्या कपड्यांवर एक डाग नव्हता.

"कपडे कोन धुतं?"

"आमी आमचे धुतो. हुसेनबीनं, आमच्या आईनं, बारकेपनीच शिकवलं. गार पानी आनि मीठ. धंदाच रगताचा, रोज बायकूला कुटं राबवायचं?"

संपलं. हा माणूस रक्ताचा टॉवेल कढत पाण्यात घालणं शक्य नव्हतं. तसं करणारा माणूस कोण? ज्याने आयुष्यात स्वतःचा कपडा धुतलेला नाही असा. असे तर गावात घरटी एक होते. राणीला हसू आलं आणि लगेच रडूही.

"आनि जुनैदभाई, समजा कुनी शिजवलंच रगत, तर ते निघतच न्हाई?"

"साबनानं न्हाई निघत." जुनैद सुऱ्या पुसत सहज बोलत होता. "पन कच्च्या पपईचा चीक लावला तर निघतं. मटन निबर असलं की पपई लावत्यात ना, कसं गळतं? तसं ते बी गळतं. जुन्या बायका करत्यात हो. पाटीलबाई? बसा, बसा हितं. पानी देऊ का?"

४

घरी जाईपर्यंत राणी देवाला एकच मागत होती. चुलीवर पपईची भाजी असू दे.

चुलीवर भाजी नव्हती. सकाळी नव्हती, दुपारी नव्हती, आताही नव्हती. परसात धुण्याच्या दगडाशेजारी ठेचलेल्या पपईचा लगदा पडला होता. तो हिरवा असायला हवा होता, त्याला गंजाचा रंग आला होता आणि मुंग्या लागल्या होत्या. दोरीवर हनुमंताचा पांढरा शर्ट वाळत होता. शुभ्र. नवा कोरा वाटावा इतका.

आत्याबाई दगडावर बसल्या होत्या. चिकाने त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

"कवा दिला त्यानं तुमाला ह्यो शर्ट?"

"बोकड कापलं कॅम्पवर, त्याचं रगत हाय त्ये."

"आत्याबाई."

म्हातारीने सोललेली बोटं पदरात गुंडाळली. मग म्हणाली, "ओला शर्ट घालून आला पहाटं. दात वाजत व्हते त्याचे. मला म्हनला, आई, निघंना गं. मी काय करायचं व्हतं, सांग. तू आई न्हाईस, तुला न्हाई कळायचं."

या घरात हे वाक्य राणीने पुष्कळदा ऐकलं होतं. आज ते लागायलाही तिच्यात काही उरलं नव्हतं.

तिने शर्ट ओढून घेतला. "आता काय दाखवशील?" आत्याबाई म्हणाल्या. "सोच्छ हाय त्यो."

राणी ओसरीवर बसली, सुई आणली आणि उजव्या हाताच्या कफाची शिवण उसवायला लागली. कफाचं कापड दुपदरी असतं, मध्ये कडक अस्तर. एकेक टाका सुटत होता. देवा, आत पांढरं असू दे. पांढरं असेल तर मी परत शिवून ठेवीन आणि कुणाला काही विचारणार नाही. पारूलाही नाही. हे तिच्या मनात आलं, आणि आलं याची तिला नंतर आयुष्यभर लाज वाटायची होती.

अस्तर तपकिरी होतं. चहा सांडल्यासारखं. कढत पाण्याने रक्त आतपर्यंत नेलं होतं, आणि म्हातारीचा चीक तिथवर पोचला नव्हता.

हनुमंत दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे. उसवलेला कफ बघून तो उंबऱ्यावरच बसला.

"होडी मीच दिली व्हती त्या पोराला," तो म्हणाला. "जॅकेट न घालता. रात्री. पाव्हने हट्टाला पेटले, म्हनलं जाऊ दे. गोरख त्याच्या बापाला सांगनार व्हता. मी समजवाया गेलो पहाटं. कोयता त्याच्या हातात व्हता, नारळ सोलत व्हता. मी हिसकला, उगारला, त्यो मांडीवर बसला. मला नव्हतं मारायचं, राणी. नुसतं भ्या घालायचं व्हतं."

"मग त्याला तसाच टाकून का आलास?"

हनुमंताने उंबऱ्यावर तळहात घासले. "पळालो," तो म्हणाला. "हात धुतले, टॉवेल धुतला. तो हाका मारत व्हता. मला वाटलं, हात सोच्छ झाले की जातो परत त्याच्याकडं. पन डाग निघंना. जितकं ऊन पानी घालावं तितका तो काळा पडाया लागला."

राणीला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला पोटाशी घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. शर्टाची घडी घातली. आत्याबाई परसातून आल्या आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, सुनेकडे न बघता. हनुमंत उठला, चपला घातल्या आणि राणीच्या मागोमाग चालायला लागला. लग्नात ती त्याच्या मागून चालली होती.

५

संध्याकाळी पारूला सोडलं.

फौजदारांनी राणीला खुर्ची दिली, चहा मागवला. "तुम्ही फार मोठं काम केलंत," असं काहीतरी ते म्हणाले. चहावर साय धरली. आतल्या खोलीत हनुमंत सगळं सांगत होता. त्याचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते.

चिंचेखाली मंगळ्याने पारूला बघितलं, पण तो लगेच जवळ गेला नाही. हिला पुन्हा आत बोलावणार नाहीत याची जणू तो खात्री करत होता. राणी पायऱ्या उतरून पारूपाशी गेली. माफी मागायची होती. ती कशी मागतात, ते तिला आठवेना.

"तुला ठावं व्हतं ना, कोन हाय ते?"

पारूने मान डोलावली. "गोरख सारका हाक मारीत व्हता. हनुमंता, हनुमंता, पानी दे. मी हळद भरली, पदर दाबला. ऱ्हाईना रगत. मरस्तवर तेच नाव घेत व्हता."

"मग सांगितलं का न्हाईस, बाई? मी इचारत व्हते ना तुला! किती डाव इचारलं."

"तुमीच इचारत व्हता, म्हनून तर." पारू म्हणाली, आणि पुन्हा तिची नजर राणीच्या गळ्याशी जाऊन थांबली. "तुमच्या गळ्याकडं बघितलं. मग बोलवंना."

मंगळ्याने हाक मारली. पारू गेली. दोघं उतारावरून वाडीच्या वाटेला लागले, तो पुढे, ती मागे.

राणी तिथेच उभी राहिली. तिने चौकीत गळ्यावर ओढलेला पदर बाजूला केला आणि वाट्या मुठीत धरल्या. मग घरी गेली. परसात मुंग्या लागलेला लगदा तसाच पडला होता. तिने तो उचलला, गार पाण्याने दगड धुतला आणि धूतच राहिली.